क्लच स्लिप होतोय का? गिअरबॉक्स उतरवण्याआधीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लच स्लिप होतोय असं वाटलं की गाडी थेट गॅरेजात जाते, गिअरबॉक्स उतरतो आणि नवीन क्लच सेट बसतो. बरेचदा ते बरोबरच असतं. पण काही वेळा दोष जास्त ताणलेल्या केबलचा किंवा मास्टर सिलिंडरमधल्या (पेडलचा दाब फ्लुइडवर देणाऱ्या सिलिंडरमधल्या) बुजलेल्या बारीक छिद्राचा असतो, आणि मग नवी प्लेटही थोड्याच दिवसांत जळते. तपासणी ज्या क्रमानं करावी त्याच क्रमानं खालचे प्रश्न लावले आहेत: आधी स्लिप आहे का, मग कारण बाहेर आहे का, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स.

क्लच स्लिप होतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चकतीला) बोल्टनं बसवलेली प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. हा दाब डायफ्रॅम स्प्रिंगचा असतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगची बोटं ढकलतं आणि प्लेट मोकळी होते. पेडल पूर्ण सोडलेलं असूनही प्लेट घसरत राहिली, तर ते स्लिप.

क्लच किती टॉर्क पेलेल हे स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) घर्षणगुणांक आणि प्लेटची सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरतं. प्लेटला दोन बाजू, म्हणून त्याची दुप्पट. उदाहरणादाखल ४००० न्यूटन दाब, ०.३ गुणांक आणि ८५ मिलिमीटर त्रिज्या धरा. क्षमता साधारण २०४ न्यूटन-मीटर येते. इंजिन १५० न्यूटन-मीटरचं असेल तर पुरेशी शिल्लक आहे. आता लायनिंग तापून गुळगुळीत झालं किंवा त्यावर थोडं तेल आलं आणि गुणांक ०.२ वर उतरला, की क्षमता १३६ वर येते. रोजच्या हलक्या चालवण्यात याचा पत्ताही लागत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिन कमाल टॉर्कवर आलं की तेवढ्यापुरती प्लेट घसरते. 'कधी होतं, कधी होत नाही' अशी सुरुवातीची तक्रार असते ती यामुळे.

सुरुवातीला कुठे आणि कसं जाणवतं?

वरच्या गिअरात, कमी आरपीएमवरून जोर मागितला की. चौथ्या किंवा पाचव्या गिअरात चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा झटकन ३००-५०० ने वर जातो, आवाज वाढतो, पण गाडी त्या मानानं पुढे जात नाही. पाय थोडा उचलला की काटा परत खाली येतो, कारण टॉर्क कमी झाल्याबरोबर प्लेट पुन्हा पकडते.

पहिल्या-दुसऱ्या गिअरात हे उशिरा दिसतं. तिथे इंजिन झपाट्यानं फिरायला लागतं आणि टॉर्कचा बराच भाग फ्लायव्हीलचा वेग वाढवण्यातच जातो. क्लचवर पूर्ण भार फार वेळ राहत नाही. त्यामुळे 'पहिल्या गिअरात गाडी छान उचलते, म्हणजे क्लच ठीक आहे' हा निष्कर्ष चुकीचा. पहिल्या गिअरातही घसरायला लागला असेल तर तो क्लच शेवटच्या टप्प्यात आहे.

बाकीची लक्षणं सोबतीला येतात: जळका, उग्र वास, भरलेल्या गाडीत जास्त त्रास, इंधनाचा वाढलेला खर्च. यांपैकी कुठलंही एकटं लक्षण पुरावा नाही.

रस्त्यावर चाचणी कशी घ्यायची?

1. इंजिन आणि क्लच नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत १०-१५ मिनिटं गाडी चालवा. थंड क्लच खोटा विश्वास देतो.
2. मोकळा, सरळ, कोरडा रस्ता निवडा. किंचित चढ असेल तर उत्तम.
3. चौथ्या गिअरात साधारण ५० किलोमीटर वेगाला या. आरपीएम १५०० ते २००० च्या दरम्यान असावा.
4. ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा आणि सोबतच्या माणसाला काटा बघायला सांगा. चालवणाऱ्यानं रस्ता बघावा.
5. काटा वेगाच्या प्रमाणात सावकाश चढला तर क्लच पकडतोय. वेग तोच आणि काटा उडी मारून वर, तर स्लिप.

टर्बो डिझेल गाडीत कमाल टॉर्क साधारण १७५० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. तिथेच नीट लक्ष द्या. ३००० च्या पुढे स्लिप दिसत नाही म्हणून सुटका समजू नका. ही चाचणी एक-दोनदाच घ्या. प्रत्येक वेळी घसरणारी प्लेट आणखी तापते आणि दोष आपणच वाढवतो.

काट्याची उडी अगदी लहान आहे. खात्री कशी करायची?

मोजून. क्लच पूर्ण पकडलेला असताना ठरावीक गिअरात आरपीएम आणि वेग यांचं गुणोत्तर कायम राहतं. ते बदलत असेल तर मधलं काहीतरी घसरतंय. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधले आकडे वाचणारं यंत्र) मोबाइलला जोडला की दोन्ही आकडे एकत्र नोंदवता येतात.

आधी सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरात, अगदी हलक्या ॲक्सिलरेटरवर नोंद घ्या. समजा ५० च्या वेगाला १७५० आरपीएम दिसले. भागाकार ३५. मग त्याच गिअरात पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन नोंद घ्या. ६० च्या वेगाला २१०० च्या आसपास आकडा हवा. तो २४०० असेल तर सुमारे ३०० आरपीएमची घसरण आहे, कानाला कळो न कळो.

कागदावरही हिशेब करता येतो. १८५/६५ आर १५ टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ५१२ फेरे. चौथ्या गिअरचं गुणोत्तर ०.९७ आणि फायनल ड्राइव्ह ४.१ असेल तर इंजिन २०४० आरपीएमच्या जवळपास हवं. मात्र टायरची झीज, हवेचा दाब आणि थोडा जास्तच वेग दाखवणारा स्पीडोमीटर यांमुळे कागदाचा आकडा तंतोतंत जुळत नाही. गाडीची तुलना तिच्या स्वतःच्याच हलक्या भाराच्या नोंदीशी करणं जास्त भरवशाचं.

उभ्या गाडीत तपासता येतं का?

येतं, पण हिला ढोबळ चाचणी म्हणा. सपाट जागा, पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हॅण्डब्रेक पूर्ण ओढलेला, गाडीच्या पुढे-मागे कोणीही नाही. तिसरा किंवा चौथा गिअर टाका, आरपीएम १५०० वर धरा आणि क्लच पेडल नेहमीच्या वेगानं सोडा. चांगल्या क्लचमध्ये इंजिन लगेच बंद पडतं. दोन-तीन सेकंद रेटत राहून बंद पडलं तर क्लच कमजोर आहे. बंदच पडलं नाही तर ताबडतोब पेडल दाबा, चाचणी तिथेच थांबवा.

हॅण्डब्रेक ढिला असेल तर गाडी पुढे उडी घेते, म्हणून आधी तो तपासा. पायाचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबायचा पर्याय नव्या गाड्यांत चालत नाही, कारण ब्रेक दाबला की इंजिनचं कंट्रोल युनिट थ्रॉटल बंद करतं. अशा गाडीत ब्रेक दाबून, नुसत्या आयडलवर, सर्वांत वरच्या गिअरात पेडल सोडून बघा. तरीही इंजिन चालू राहिलं तर क्लच जवळपास संपला आहे. उलट ते बंद पडलं म्हणजे क्लच चांगला असं मात्र नाही. आयडलवरचा टॉर्क इतका कमी असतो की अर्धा गेलेला क्लचही तो पेलतो.

कोणते दोष क्लच स्लिपसारखे भासतात?

गाडी उचलत नाही, पण काटाही चढत नाही: हा क्लच नाही. टर्बोच्या पाइपमधली गळती, चोंदलेला एअर फिल्टर, जाम झालेला ब्रेक, इंजिनचं मिसिंग असं काहीतरी असेल.

गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडला आणि क्लच दाबला, तरी आरपीएम हळूहळू खाली येतो: बऱ्याच नव्या पेट्रोल इंजिनांत हे प्रदूषण नियंत्रणासाठी मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. यावरून क्लच बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर आरपीएम उडतो: चाक फिरतंय. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतोय का ते बघा.

गिअर टाकताना कर्रकर्र, रिव्हर्स पडत नाही, पेडल दाबूनही गाडी पुढे सरकते: हे स्लिपच्या बरोबर उलटं, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. याची कारणं आणि उपाय वेगळे.

पेडल दाबल्यावर घरघर येते: रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर आवाज जातो आणि सोडल्यावर येतो: बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्हींचा स्लिपशी थेट संबंध नाही.

स्लिप नक्की झालं. पहिल्यांदा काय बघायचं?

पेडल. पाय काढल्यावर ते स्वतःहून पूर्ण वर येतं का, खाली मॅट अडकली आहे का, पिव्होट कोरडा पडून घट्ट झालाय का? पाच मिनिटांचं काम, आणि तरीही सर्रास वगळलं जातं.

त्यानंतर प्ले. केबलच्या क्लचमध्ये पेडल हातानं दाबलं की सुरुवातीचा थोडा प्रवास अगदी मोकळा असतो आणि मग जोर लागायला लागतो. तो मोकळा प्रवास पट्टीनं मोजा. बऱ्याच गाड्यांत तो १० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. प्ले शून्य असेल तर रिलीज बेअरिंग कायम स्प्रिंगच्या बोटांवर रेललेलं राहतं, स्प्रिंग थोडी उघडलेलीच राहते आणि दाब कमी पडतो.

प्ले आपोआप का संपतो? प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्रॅमची बोटं उलट दिशेनं, बेअरिंगकडे येतात. मधली फट भरत जाते. म्हणजे केबलचा क्लच झिजेल तसा तो घट्ट होतो, ढिला नाही. इथेच गोंधळ होतो: स्लिप होतोय म्हणून केबल आणखी ताणली जाते आणि क्लच आठवड्याभरात जळतो.

केबलचाच दोष आहे हे कसं ठरवायचं?

गिअरबॉक्सजवळच्या फोर्कवर (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या लिव्हरवर) केबलचं लॉकनट सैल करा आणि ॲडजस्टिंग नट इतकं मागे घ्या की फोर्क हातानं हलवता आला पाहिजे. मग उभ्या गाडीतली चाचणी पुन्हा घ्या. अशा वेळी क्लच नीट सुटणार नाही, म्हणून इंजिन बंद असताना गिअर टाका, क्लच दाबून स्टार्ट करा आणि गाडी किंचित सरकेल हे गृहीत धरा. ठोकळे हवेतच.

फोर्क पूर्ण मोकळा असताना स्लिप थांबलं तर दोष ॲडजस्टमेंटचा किंवा केबलचा. आवरणाच्या आत गंजलेली, एक्झॉस्टजवळून जाऊन वितळलेली किंवा तार पिंजलेली केबल परत सरकत नाही; ती बदलायची, तेल घालून चालवायची नाही. फोर्क मोकळा असूनही स्लिप तसंच राहिलं तर बाहेर शोधण्यासारखं काही उरलं नाही, दोष आत आहे.

जुळवताना फोर्कच्या टोकाशी साधारण २ ते ३ मिलिमीटर फट ठेवली की लिव्हरच्या गुणोत्तरामुळे पेडलवर ती कितीतरी जास्त दिसते. जुळवून झालं की पेडल आठ-दहा वेळा दाबून पुन्हा मोजा. ॲडजस्टरचे आटेच संपले असतील तर समजायचं की प्लेट संपली.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांत पेडलजवळ स्वयंचलित ॲडजस्टर असतो आणि त्यांचं बेअरिंग मुद्दाम हलकं टेकवून ठेवलेलं असतं. तिथे प्ले शून्य असणं हा दोष नाही. दोष असतो तो ॲडजस्टरची दातेरी चकती अडकण्याचा.

हायड्रॉलिक क्लचमध्ये बाहेरचा दोष असू शकतो का?

असू शकतो, आणि तो ओळखायला सोपा आहे. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर आलं की ते उघडतं आणि लाइनमधला दाब टाकीत सुटतो. पुशरॉड गरजेपेक्षा लांब जुळवलेला असेल, सील फुगलं असेल किंवा छिद्रात कचरा बसला असेल, तर दाब अडकून राहतो. पेडलवर कोणाचा पाय नसूनही क्लच किंचित दाबलेला राहतो. दर वेळी पेडल दाबलं की हा दाब वाढतो, इंजिनच्या उष्णतेनं फ्लुइड फुगलं की आणखी वाढतो. थंड गाडीत काही नाही, अर्ध्या तासानं स्लिप, हे त्याचं ठरलेलं चित्र.

चाचणी अशी: स्लिप चालू असतानाच गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, स्लेव्ह सिलिंडरचा (फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचा) ब्लीड निपल, म्हणजे फ्लुइड काढायचा छोटा स्क्रू, क्षणभर उघडा. पेडलला हात लावायचा नाही. फ्लुइड जोरात उडालं आणि निपल बंद केल्यावर थोडा वेळ क्लच चांगला चालला, तर दोष हायड्रॉलिकमध्ये. नुसतं ओघळलं तर दाब अडकलेला नव्हता. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि गाडीच्या रंगावर थेंब पडू देऊ नका. क्लचमध्येही ब्रेक फ्लुइडच असतं, आणि ते रंग खातं.

दाब अडकला असेल तर पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात अगदी थोडी, मॅन्युअलमध्ये दिलेली फट आहे का ते पाहा. ती बरोबर असेल तर रबरी होज तपासा. होज आतून सुजला की फ्लुइड जोरानं एका दिशेला जातं, पण परत येत नाही. टाकीत चुकून खनिज तेल ओतलं गेलं असेल तर एकेक सील बदलत बसू नका. डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचे प्रकार) साठी बनवलेलं सगळं रबर फुगतं. मास्टर, स्लेव्ह, होज सगळंच बदलावं लागतं.

क्लच फ्लुइड कमी झालं किंवा हवा शिरली तर स्लिप होतो का?

नाही. त्यानं पेडल मऊ पडतं आणि क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही. फ्लुइड भरून किंवा ब्लीडिंग करून स्लिप जाणार नाही. अपवाद एकच: स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असेल आणि तो गळत असेल, तर ते फ्लुइड प्लेटवर जाऊन स्लिप करू शकतं.

पेडल अगदी वर आल्यावर क्लच पकडतो. प्लेट गेली का?

केबलच्या गाडीत ही शक्यता बरीच असते. हायड्रॉलिकमध्ये मात्र झिजेसोबत सरकलेली जागा फ्लुइड भरून काढतं, त्यामुळे पकडण्याची जागा फारशी बदलत नाही आणि तिच्यावरून झीज ठरवता येत नाही. तिथे दुसरी खूण मिळते: साध्या डायफ्रॅम क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की पेडल जड होत जातं. बदल इतका हळू होतो की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. तीच गाडी बऱ्याच दिवसांनी चालवणारा लगेच सांगतो.

प्लेट इतकी वर्षं झिजत होती, मग स्लिप अचानक का सुरू झालं?

डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब झिजेबरोबर सरळ कमी होत जात नाही. सुरुवातीला तो किंचित वाढतोसुद्धा, आणि लायनिंग मर्यादेजवळ आलं की झपाट्यानं पडतो. त्यात एकदा घसरणं सुरू झालं की उष्णता निर्माण होते, उष्णतेनं लायनिंग गुळगुळीत होतं, स्प्रिंग मऊ पडते आणि घसरण वाढते. त्यामुळे पहिलं लक्षण आणि गाडी जागेवर उभी राहणं यांत कधी महिने जातात, कधी एक मोठा चढ पुरतो.

तेलामुळे स्लिप होतोय हे उतरवण्याआधी कळतं का?

अंदाज येतो. तेल लागलेला क्लच बहुधा घसरतो आणि गाडी सुटताना थरथरतोही, कारण लायनिंगचा काही भाग पकडतो आणि काही नाही. बेलहाउसिंगच्या तळाशी बऱ्याच गाड्यांत एक छोटं छिद्र असतं. तिथे ओल आहे का ते बघा. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकशाफ्टचं मागचं सील. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. पारदर्शक किंवा पिवळसर आणि पाण्यात मिसळणारं असेल तर क्लच फ्लुइड. आधी वरून, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ओघळलेलं तेल तिथवर आलेलं नाही ना, हे पुसून तपासा.

तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवायचा उद्योग करू नका. लायनिंग सच्छिद्र असतं. तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. प्लेट बदला आणि सील बदला. नुसती प्लेट बदलली तर तेच काम पुन्हा करायचं आहे.

चढावर रिव्हर्स घेताना एकदाच जळका वास आला. बदलावा लागेल?

लगेच नाही. गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग हलक्या हातानं चालवा. पुढच्या एक-दोन दिवसांत रस्त्यावरची चाचणी घ्या. गुणोत्तर कायम असेल आणि सुटताना थरथर नसेल तर क्लच निभावला. वास नसतानाही स्लिप दिसलं, तर लायनिंग जळून गुळगुळीत झालं आहे आणि ते आपोआप बरं होत नाही.

पाण्यातून गाडी गेल्यावर काही वेळ घसरणारा क्लच हा वेगळा प्रकार. दोन-चार वेळा सुटला-पकडला की तो वाळतो.

गिअरबॉक्स उतरवल्यावर काय काय मोजायचं?

क्लच प्लेटवर रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते व्हर्निअरनं मोजा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.३ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा असते. लायनिंग भरपूर शिल्लक असूनही स्लिप होता, तर थांबा आणि कारण शोधा: तेल, चमक, कमजोर स्प्रिंग, घट्ट केबल. कारण न सापडता नवा सेट बसवणं म्हणजे दोष तसाच ठेवून झाकण लावणं.

दोन्ही बाजूंची झीज सारखी आहे का? एका बाजूला बरीच जास्त असेल तर हब स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) अडकतोय किंवा त्या बाजूचा पृष्ठभाग खराब आहे.

प्रेशर प्लेटवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. ०.२ मिलिमीटरचं पातं खाली जात असेल तर ती वाकली आहे. डायफ्रॅमची बोटं एका पातळीत हवीत. बेअरिंगनं पाडलेला खोल चर, निळा पडलेला रंग, तुटलेलं टोक यांपैकी काहीही दिसलं की ती बाद.

फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक तडा हे उष्णतेचं काम. उथळ डाग फेसिंग करून (लेथवर पृष्ठभाग कापून) जातात. नखाला लागणारी तड असेल तर फ्लायव्हील बदला. ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर ते सहसा लेथवर चढवायचं नसतं. त्याचे दोन भाग एकमेकांच्या विरुद्ध हातानं फिरवून मोकळा कोन आणि पुढे-मागे डुगडुग बघा, आतलं ग्रीस बाहेर आलंय का बघा, आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहा.

फक्त प्लेट बदलून चालेल का?

चालतं, पण आम्ही तसा सल्ला देत नाही. खरं कष्टाचं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं असतं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. स्लेव्ह सिलिंडर आत असेल तर तोही, कोरडा दिसला तरी. पायलट बेअरिंग असेल तर ते, आणि ओल दिसली तर दोन्ही ऑइल सीलं. फोर्कच्या टेकूवर खड्डा पडलाय का ते बघा. केबल जुनी असेल तर तीही.

नवीन क्लच बसवूनही स्लिप होतोय. काय चुकलं असेल?

बसवल्यानंतरच्या पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरमध्ये, लायनिंग बसेपर्यंत, पूर्ण जोरात किंचित घसरण दिसू शकते. या काळात जड ओझं आणि जोरदार सुटणं टाळा. त्यानंतरही राहिलं तर खालचं तपासा. साधारण ज्या क्रमानं सापडतं त्याच क्रमानं दिलं आहे.

केबल किंवा पुशरॉड आधीच जास्त घट्ट जुळवलेला होता आणि तसाच राहिला. नवीन क्लच बसवला की सगळं नव्यानं जुळवावं लागतं.

नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल पुसलं गेलं नाही, किंवा लायनिंगला ग्रीसचे हात लागले. दोन्ही लोखंडी पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं आणि स्वच्छ कापडानं पुसायचे असतात.

स्प्लाइनवर ग्रीस जास्त लावलं. अगदी पातळ थर पुरतो. प्लेट दोन-तीनदा सरकवून बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायचं. राहिलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं.

पायरी असलेलं फ्लायव्हील चुकीचं फेसिंग झालं. घर्षणाचा पृष्ठभाग कापला, पण प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो कडा तेवढाच कापला नाही, तर प्लेट खोल बसते आणि दाब कमी पडतो.

सेल्फ-ॲडजस्टिंग प्रेशर प्लेट खास हत्याराविना, नुसते बोल्ट आवळून बसवली, किंवा जुनीच रीसेट न करता वापरली. तिच्या आतली रिंग पुढे सरकलेली राहते आणि स्प्रिंग चुकीच्या जागी बसते.

बोल्ट एका बाजूनं पूर्ण आवळत नेले. ते समोरासमोर, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्यावर आणायचे. एम-८ बोल्टसाठी तो आकडा बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

आणि एक साधी गोष्ट: सेट भलत्याच इंजिनचा असणं. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत स्प्लाइन जुळतात, पण प्लेटचा व्यास आणि स्प्रिंगचा दाब वेगळा असू शकतो. इंजिनचं ट्यूनिंग बदलून टॉर्क वाढवला असेल तर बरोबर नंबरचा सेटसुद्धा कमी पडेल.

स्लिप होणारी गाडी किती दिवस चालवता येईल?

दिवस सांगता येत नाहीत. लायनिंग संपल्यावर रिव्हेट फ्लायव्हील खरवडतात, आणि मग साध्या क्लचच्या कामात फ्लायव्हीलची भर पडते. गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर ओझं उतरवा, चढाचा रस्ता टाळा, ॲक्सिलरेटर पाव ते अर्धाच द्या आणि वरच्या गिअरात इंजिन रेटू नका. घसरण जाणवली की पाय उचला. वास यायला लागला तर थांबा, थंड होऊ द्या; बेलहाउसिंगवर पाणी ओतू नका.

क्लच किती किलोमीटर चालायला हवा?

५० हजार ते दीड लाख या पट्ट्यात काहीही. गाडीपेक्षा चालवणाऱ्याचा फरक मोठा. सर्वांत जास्त झीज होते ती चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरण्यानं. प्लेट त्या वेळी सलग घासत असते. पेडलवर पाय टेकवून चालवणं, दुसऱ्या गिअरात सुटणं आणि मागे ट्रेलर ओढणं हे त्या खालोखाल.

एएमटी (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) गाडीत क्लच पेडलच नाही. तिथेही हे लागू आहे का?

हो. बहुतेक एएमटीमध्ये आत साधा कोरडा क्लचच असतो, फक्त तो दाबायचं काम ॲक्च्युएटर करतो. आरपीएम आणि वेगाच्या गुणोत्तराची चाचणी तशीच घ्या, पण गाडी मॅन्युअल मोडवर ठेवून, नाहीतर ती स्वतःच खालचा गिअर टाकेल आणि ती उडी तुम्हाला स्लिप वाटेल. उभ्या गाडीतली चाचणी मात्र इथे करता येत नाही. प्लेट बदलल्यावर क्लच कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला स्कॅनरनं नव्यानं शिकवावं लागतं. ते राहून गेलं तर नवीन क्लचही थरथरतो किंवा घसरतो.